कांचेच्या टाकींतील पाणवनस्पति व कर्बवायूचीं साधनें

शेतकीच्या मासिकांत कांचेच्या टाकीचा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु पाण्याखालीं वाढणारी वनस्पति हीहि अखेर वनस्पतिच होय. तिलाहि प्रकाश लागतो, खत लागतें, आणि आपल्या उभ्या पिकाला लागतो तोच कर्बवायु लागतो. रोटाला, लिम्नोफिला या जातींचीं रोपें भाताच्या खाचरांत आपण तण म्हणून उपटून बांधावर फेंकतों. तसल्याच रोपांच्या जुड्या शहरांतील हौशी लोक पैसे मोजून घेतात व कांचेच्या टाकींत लावतात. आपल्या सभासदांपैकीं कांहींच्या घरीं मुलांनीं अशा टाक्या मांडल्या आहेत, व कोणी रोपें वाढवून विकण्याच्याहि विचारांत आहेत. त्यांजकडून मजकडे एकच प्रश्न पुनः पुनः येतो : ‘वायूचा सिलिंडर कोणता घ्यावा?’

प्रश्न साधा आहे, पण तो उलट्या टोंकाकडून विचारलेला आहे. सिलिंडर हें केवळ कोठार. धरणांत पाणी पुष्कळ असलें म्हणून शेवटच्या शेताचें भिजणें होत नाहीं. तें चारीच्या दारावर आणि दारें धरणाऱ्या माणसाच्या जागरूकतेवर अवलंबून असतें. वायूचें तसेंच आहे. कोठारांतून तो किती दाबानें बाहेर येतो, किती मापानें टाकींत जातो, आणि वेळ झाली म्हणजे बंद होतो कीं नाहीं, या तीन गोष्टींवर सारें यशापयश आहे. पैसा खर्च करावयाचा तो या तीन कामांच्या साधनांवर करावा, हें या लेखाचें तात्पर्य प्रारंभींच सांगून टाकतों. मला तें अकरा मासे गमावून शिकावें लागलें. ती हकीकत पुढें येईलच.

१. वायूची गरज खरोखर आहे काय?

यान इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हिरवीं पानें पाण्यांत बुडवून उन्हांत ठेविलीं म्हणजे त्यांवर बुडबुडे येतात, ते प्राणवायूचे असतात, व अंधारांत हें कार्य थांबतें, असें त्यानें दाखविलें. या कार्यास पाण्यांत कर्बवायु असावा लागतो हें जिनिव्हाच्या सेनेबिएनें १७८२ सालीं पुढें आणलें. म्हणजे ज्या शोधामुळें आपणांस पिकाचें पोषण कळलें, त्याचा पहिला पाठ पाण्यांतील पानांवरच गिरविला गेला आहे.

कर्बवायु म्हणजे जुन्या पुस्तकांतील कर्बाम्लवायु, आणि आजच्या शाळांतील कार्बन डायऑक्साइड. आजच्या हवेंत त्याचें प्रमाण दहा लाख भागांस सुमारें ४२० भाग आहे. शेतांतील पिकाला हें थोडें प्रमाण पुरतें, कारण वारा पानापाशीं नवी हवा सारखी आणून देतो. पाण्यांत ही सोय नाहीं. हवेच्या संपर्कांत असलेल्या एक लिटर पाण्यांत अवघा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास कर्बवायु विरघळलेला राहतो, आणि पाण्यांतून तो हवेच्या मानानें सुमारें दहा हजार पट मंद गतीनें पसरतो. पानानें जवळचा वायु संपविला कीं पुढचा येईपर्यंत तें उपाशी राहतें. तेजस्वी दिव्याखालीं जलद वाढणाऱ्या वनस्पतींस लिटरास २० ते ३० मिलिग्रॅम कर्बवायु असला म्हणजे त्या जोमानें वाढतात, असा अनुभव आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें गेल्याच्या मागील शतकांत रूढ केलेला नियम आपल्या वाचकांस ठाऊक असेल. पिकाची वाढ सर्वांत कमी असलेल्या अन्नघटकानें ठरते. बाकीचे घटक कितीहि ओतले तरी उपयोग नाहीं. टाकींतहि हेंच घडतें. मोठा दिवा लावला, खत घातलें, पण कर्बवायु दिला नाहीं, तर रोपें थांबतात आणि त्या प्रकाशावर व खतावर शेवाळें माजतें. उलट, दिवा मंद असेल तर वायु देणें हा निव्वळ अपव्यय होय. म्हणून साधनें घेण्यापूर्वीं दिवा, खत व वायु यांची सांगड घालावी.

सर्व वनस्पतींस वायूची जोड लागत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. वॅलिस्नेरिया व हायड्रिला या वनस्पति जड पाण्यांतील बायकार्बोनेटमधून आपला कर्ब मिळवूं शकतात. अनुबियास व जावा फर्न यांची वाढच मंद असल्यामुळें पाण्यांत जें असेल तेवढ्यावर त्यांचें भागतें. ज्यास एवढ्याच वनस्पति ठेवावयाच्या आहेत त्यानें हा लेख वाचून सोडून द्यावा व पैसे वांचवावे. परंतु तांबूस पानांचे रोटाला, किंवा तळाशीं हिरवळीसारखी पसरणारी बारीक रोपें ज्यास हवीं असतील, त्याला वायूवांचून मार्ग नाहीं. जपानांतील निईगाता येथील ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनीं मांडलेल्या टाक्यांचीं छायाचित्रें पाहून जगांत अनेकांस ही हौस लागली. ती दाट हिरवळ बाहेरून दिलेल्या वायूवर पोसलेली असते, ही गोष्ट मात्र चित्र पाहणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं.

२. वायु मिळविण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग साखर व यीस्ट यांचा. बाटलींत साखरेचें पाणी घेऊन त्यांत यीस्ट घातलें म्हणजे तें आंबतें व वायु सुटतो. साखर कारखान्याच्या आसवनींत मळीवर चालते तीच ही क्रिया. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून हिशोबानें ८८ ग्रॅम कर्बवायु व ९२ ग्रॅम मद्यार्क होतो. खर्च नगण्य, पण वायु आरंभीं भरपूर, पुढें उतरता, व दोनतीन आठवड्यांत संपणारा. शिवाय रात्रीं तो बंद करतां येत नाहीं. तोंड बांधलें तर बाटली फुटते. लहान टाकीवर शिकण्यापुरता हा मार्ग ठीक.

दुसरा मार्ग लिंबूसत्व व खाण्याचा सोडा यांचा. जाड धातूच्या बाटलींत दोहोंचा संयोग करून जो वायु होतो तो व्हॉल्व्हमधून सोडतां येतो. हा पहिल्यापेक्षां बराच सुधारलेला आहे. पण बाटलींतील सांठा थोडा, म्हणून भरण वारंवार. यासाठीं वापरावयाची बाटली दाब सोसण्यासाठींच बनविलेली व दाब वाढल्यास आपोआप सोडणारी झडप असलेली पाहिजे. सोडावॉटरच्या किंवा दुधाच्या बाटलीवर हा प्रयोग कोणीं करूं नये.

तिसरा मार्ग भरलेल्या सिलिंडरचा. आरंभीं खर्च मोठा. पुढें मात्र वर्षाकांठीं एखादें भरण. टाकी साठ-सत्तर लिटरांहून मोठी असेल, किंवा रोपें विकण्यासाठीं वाढवावयाचीं असतील, तर हाच मार्ग शेवटीं स्वस्त पडतो. पुढील विवेचन यासंबंधीं आहे.

३. सिलिंडर

सिलिंडरांत कर्बवायु द्रवरूपानें असतो. २५ अंश उष्णतेस आंतील दाब सुमारें ६४ बार, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या तीसपटीजवळ असतो. जोंपर्यंत आंत द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोंपर्यंत, उष्णता तीच असल्यास, दाबमापकाचा कांटा जागचा हलत नाहीं. द्रव संपला म्हणजे मग तो झपाट्यानें उतरतो. म्हणून कांट्यावरून सांठा कळत नाहीं. सांठा कळावयाचा तो तराजूवर. रिकाम्या सिलिंडरचें वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलें असतें. तें वजा केलें कीं बाकी वायु. भरून आणतांना दुकानांतच वजन करून घ्यावें व घरीं वहींत मांडून ठेवावें.

किती मोठा घ्यावा याचा हिशोब करून पाहूं. एक किलो द्रवापासून साधारण उष्णतेस ५४० ते ५५० लिटर वायु होतो. माझ्या १८० लिटरच्या टाकीस सेकंदास दोन बुडबुडे लागतात. एक बुडबुडा ०.०५ घन सेंटिमीटरचा धरला, तर आठ तासांत ५७,६०० बुडबुडे, म्हणजे २.८८ लिटर वायु झाला. दोन किलोचा सिलिंडर, म्हणजे सुमारें १,०९० लिटर वायु, या मानानें ३७५ दिवसांहून थोडा अधिक पुरेल. तोच वायु रात्रंदिवस सोडला तर सव्वाशे दिवसांत कोठार रिकामें. बुडबुड्याचा आकार साधनागणिक बदलतो, सबब हे आंकडे अंदाजाचे. पण रात्रीं वायु बंद ठेविल्यानें सांठा तिप्पट पुरतो, हें प्रमाण बदलत नाहीं. घरगुती टाकीस दोन किलो पुरे. विक्रीसाठीं चारपांच टाक्या मांडणारानें मोठा घ्यावा.

घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या.

(१) सिलिंडर सरकारमान्य असावा. आपल्या देशांत हें काम गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांस अनुसरून पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. तिचें मुख्य कार्यालय नागपुरासच आहे. शेवटच्या दाबचांचणीची तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. ती वाचल्याशिवाय जुना सिलिंडर घेऊं नये.

(२) भरण परवानेदार दुकानींच करावें. मोठ्या सिलिंडरांतून लहान सिलिंडर घरच्या घरीं भरणें धोक्याचें आहे, आणि परवान्याशिवाय भरणें कायद्यासहि मंजूर नाहीं.

(३) ठरलेल्या वजनाहून अधिक भरूं देऊं नये. ३१ अंशांवर कर्बवायु द्रवरूपांत राहूं शकत नाहीं. वैशाखांत आपल्या घरांत ४० अंश उष्णता सहज होते. ठेंचून भरलेल्या सिलिंडरांतील दाब अशा वेळीं धोक्याच्या हद्दीस जातो. चार पैशांचा वायु जास्त मिळाला म्हणून त्यांत लाभ नाहीं.

(४) शुद्ध कर्बवायु मागावा. वेल्डिंगसाठीं आर्गॉन मिसळलेला वायु विकतात. तो या कामीं निरुपयोगी.

(५) आग विझविण्याचा जुना सिलिंडर स्वस्त मिळाला तरी सावध असावें. त्याच्या आंत तळापर्यंत नळी सोडलेली असते, त्यामुळें उभा ठेवूनहि त्यांतून वायूऐवजीं द्रव येतो व रेग्युलेटर बिघडतो. जाणत्या कारागिराकडून ती नळी काढून घेतल्याविना तो वापरूं नये.

(६) सिलिंडर नेहमीं उभा, भिंतीला पट्ट्यानें किंवा साखळीनें बांधून, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावा.

४. रेग्युलेटर

साठ-सत्तर बारांचा दाब उतरवून दोनतीन बारांवर आणणें हें रेग्युलेटरचें काम. यांत दोन प्रकार आहेत. एका टप्प्याचा रेग्युलेटर हें काम एकदम करतो. दोन टप्प्यांचा प्रथम मधल्या दाबावर आणतो, मग खालच्या. दुसरा महाग असतो, आणि दुकानांत दोघे शेजारीं ठेवले तर अधिक पैसे कशाचे हें डोळ्यांस दिसत नाहीं. मलाहि तें दिसलें नाहीं.

माझी चाकरी महसूल खात्यांत कारकुनाची झाली. शिल्लक राहिलेली पैहि जमेस धरण्याची संवय. पहिल्या वर्षीं मीं एका टप्प्याचा रेग्युलेटर घेतला, आणि खर्च वांचविण्यासाठीं विजेचा व्हॉल्व्हहि लावला नाहीं. वायु रात्रंदिवस थोडा थोडा चालूं ठेवीत असें. आठ महिने सर्व ठीक चाललें. सिलिंडर मोठा व बुडबुडे मंद, म्हणून तो तितका पुरला. एके संध्याकाळीं कांटा नेहमींच्या जागेवरून बराच खालीं आलेला दिसला. मनांत आलें, ‘आंत आहे तें संपूं द्यावें, भरलेला वायु टाकून कां द्यावा?’ सकाळीं उठून पाहतों तों पाण्यांत बुडबुड्यांची धार लागलेली, आणि एकोणीस झेब्रा डॅनिओंपैकीं अकरा तळाशीं पडलेले. उरलेले आठ पृष्ठभागाशीं तोंड काढून धापा टाकीत होते. वायु बंद केला, निम्मे पाणी बदललें, तांब्यानें उंचावरून पाणी ओतीत राहिलों. ते आठ वांचले.

असें कां झालें तें पुढें समजलें. एका टप्प्याच्या सामान्य रेग्युलेटरांत सिलिंडरचा मोठा दाब हाच आंतील झडप मिटून धरण्यास मदत करीत असतो. द्रव संपून तो दाब उतरला कीं मदत संपते, झडप थोडी अधिक उघडते आणि बाहेरचा दाब वाढतो. पुढील व्हॉल्व्ह जागचा न हलवितां वायु जास्त जाऊं लागतो. रात्रीं वनस्पति कर्बवायु घेत नाहींत, उलट स्वतः सोडतात; तेव्हां सारा भार माशांवर पडतो. पाण्यांत कर्बवायु फार झाला म्हणजे माशाच्या रक्तांतील कर्बवायु बाहेर पडूं शकत नाहीं, रक्त आम्ल होतें, व पाण्यांत प्राणवायु असूनहि तें रक्त तो पुरेसा वाहूं शकत नाहीं. दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरांत दुसऱ्या टप्प्यास मधला दाब बहुतेक स्थिर मिळतो, म्हणून हा प्रकार टळतो.

तात्पर्य, शक्य तर दोन टप्प्यांचाच घ्यावा. न जमल्यास एका टप्प्याचा चालेल, पण मग कांटा नेहमींच्या जागेवरून उतरतांना दिसतांच सिलिंडर बदलावा. शेवटच्या थोड्या वायूचा लोभ धरूं नये. रेग्युलेटरवर दोन दाबमापक असावे, एक सिलिंडरच्या दाबाचा व एक बाहेरच्या. बाहेरचा दाब कमीजास्त करतां यावा. तसेंच सिलिंडरच्या तोंडाचा आटा व रेग्युलेटरचा आटा एक आहे कीं नाहीं हें खरेदीपूर्वींच पाहावें. अमेरिकेचे, जर्मनीचे व आपल्याकडील आटे एक नाहींत. बाहेरून मागविलेला उत्तम रेग्युलेटर आट्यापायीं पडून राहिल्याचीं उदाहरणें आहेत.

५. नीडल व्हॉल्व्ह व सोलेनॉइड व्हॉल्व्ह

रेग्युलेटर दाब ठरवितो. माप ठरवितो तो नीडल व्हॉल्व्ह. हलक्या व्हॉल्व्हला केसभर फिरविलें तरी एका बुडबुड्याचे पांच होतात, आणि आज लाविलेलें माप उद्यां सरकलेलें असतें. चांगल्या व्हॉल्व्हला पुष्कळ वेढे असतात, व लाविलें माप आठवडेच्या आठवडे टिकतें. दुकानांत तो फिरवून पाहावा. पूर्ण उघडण्यास एकच वेढा लागत असेल तर तो परत करावा.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठिबकाच्या स्वयंचलित संचावर पुष्कळांनीं पाहिला असेल. वीज आली कीं उघडतो, गेली कीं मिटतो. टाकीसाठीं वीज नसतांना बंद राहणाराच प्रकार घ्यावा. वीजकपातीच्या गांवीं हें विशेष महत्त्वाचें, कारण वीज गेली कीं पाणी फिरविणारा पंपहि थांबतो, आणि अशा वेळीं वायु चालूं राहणें घातक होय. चालूं असतांना हा व्हॉल्व्ह कोमट होतो. त्यांत भिण्यासारखें नाहीं. त्यास वेळ लावून देणारें घड्याळ बॅटरीवर वेळ राखणारें घ्यावें. साधें घड्याळ वीज गेली म्हणजे तेवढा वेळ मागें पडतें, आणि महिन्याभरांत सकाळचें काम दुपारीं करूं लागतें. वायु दिवा लागण्यापूर्वीं एकदोन तास सुरू व्हावा व दिवा मालवण्यापूर्वीं सुमारें एक तास बंद व्हावा.

६. नळी, उलटप्रवाहाची झडप व वायु विरघळविण्याचें साधन

मऊ सिलिकॉनची नळी लावण्यास सोपी, पण तिच्या भिंतींतून कर्बवायु झिरपून जातो. पॉलियुरेथेनची नळी घ्यावी. विहिरीच्या पंपावर जसा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो तसाच या नळीवरहि हवा. नाहीं तर वायु बंद झाल्यावर टाकीचें पाणी नळींतून मागें येऊन रेग्युलेटरांत शिरतें. तो पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. बुडबुडे मोजण्याची कांचेची कुपी स्वस्त असते. तिचा उपयोग कालच्याशीं आज ताडून पाहण्यापुरता. दुसऱ्याच्या टाकीचा बुडबुड्यांचा आंकडा आपल्या टाकीस लावूं नये.

वायु पाण्यांत मिसळविण्यासाठीं चिनी मातीच्या सच्छिद्र चकतीचा डिफ्यूझर बहुतेक ठिकाणीं पुरतो. तिच्यांतून बारीक धुक्यासारखे बुडबुडे निघाले पाहिजेत, आणि ते पंपाच्या प्रवाहांत सांपडून टाकीभर फिरले पाहिजेत. ठिबकाचे ड्रिपर क्षारानें बुजतात तशी ही चकती शेवाळानें बुजते. महिन्या-दोन महिन्यांनीं काढून, ब्लीचच्या सौम्य द्रावणांत भिजवून, स्वच्छ पाण्यांत पुष्कळ वेळ ठेवून मग परत बसवावी. मोठ्या टाकीस पंपाच्या नळीवर बसणारा प्रकार अधिक सोयीचा. नक्षीदार कांचेचीं महाग साधनें शोभेसाठीं आहेत. वायु त्यांतून अधिक विरघळतो असें नाहीं.

७. मोजणी

जमिनीचा सामू काढून घेतल्याशिवाय आपण चुना किंवा जिप्सम टाकीत नाहीं. त्याच न्यायानें पाण्यांतील वायु मोजल्याशिवाय वाढवूं नये. यासाठीं ड्रॉप चेकर नांवाची लहान कांचेची कुपी मिळते. तींत ठराविक क्षारतेचें, म्हणजे चार अंश कार्बोनेट जडपणाचें पाणी व ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्याचे थेंब घालून ती टाकींत उलटी लावतात. आंतील पाण्याचा व टाकीच्या पाण्याचा स्पर्श होत नाहीं, मधल्या हवेंतून केवळ वायु जातो. रंग निळा असेल तर वायु थोडा, हिरवा असेल तर योग्य, पिवळा झाला तर अति. कुपींत टाकीचें किंवा विहिरीचें पाणी घालूं नये. त्यांतील इतर क्षारांमुळें व आम्लांमुळें रंग फसवितो.

ज्यांस आंकडा हवा त्यांनीं हा हिशोब करावा : कार्बोनेट जडपणाच्या अंशांस ३ नें गुणावें, मग सामू ७ च्या खालीं जितका असेल तितक्या प्रमाणांत वाढवावें. चार अंशांस सामू ७ असतां १२ मिलिग्रॅम, ६.६ असतां ३० मिलिग्रॅम, आणि ६ असतां १२० मिलिग्रॅम. सामूचा एक अंक उतरला कीं वायु दसपट होतो, हें ध्यानांत ठेवावें. अंक लहान दिसतो, परिणाम मोठा.

कुपीचा रंग एकदोन तास मागून बदलतो. म्हणून एकदां व्हॉल्व्ह फिरविल्यावर त्या दिवशीं पुन्हां हात लावूं नये. पहिले पंधरा दिवस रोज थोडें थोडें वाढवावें, आणि ज्या दिवशीं आपण घरीं असूं त्याच दिवशीं वाढवावें. मासे पृष्ठभागाशीं येऊं लागले तर रंगाची वाट न पाहतां वायु बंद करावा.

८. माणसाच्या जिवाची गोष्ट

येथवर माशांविषयीं झालें. आतां जें सांगतों तें घरांतील माणसांविषयीं आहे, आणि लेख वाचून बाकी सर्व विसरलें तरी हें विसरूं नये.

बंद पेव उघडतांच आंत उतरूं नये, हें आपल्या वडिलांनीं आपणांस शिकविलें आहे. सांगलीजवळ हरिपूर येथें हळदीचीं पेवें प्रसिद्ध होतीं. तेथेंहि पेव उघडल्यावर कांहीं वेळ जाऊं देऊन मगच माणूस आंत सोडीत. धान्य व हळद आंतल्या आंत श्वास घेऊन प्राणवायु संपवितात व कर्बवायु सोडतात. तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळें तळाशीं बसतो. वापरांत नसलेल्या विहिरींत उतरलेला एक व त्याला काढावयास गेलेला दुसरा, असे दोघेहि गेल्याच्या बातम्या आपण वाचतों. तोच वायु आपण दाबून घरांत आणीत आहों.

हिशोब पाहावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलींत सुमारें २८,००० लिटर हवा असते. दोन किलोच्या सिलिंडरांतील सारा वायु, १,०९० लिटर, त्या बंद खोलींत सुटला तर हवेंत शेंकडा जवळजवळ ४ भाग कर्बवायु होईल. कारखान्यांतील कामगारांसाठीं दिवसभराची मर्यादा शेंकडा अर्धा भाग धरतात, आणि शेंकडा ४ हें प्रमाण जिवास तत्काळ धोक्याचें मानतात. जमिनीवर अंथरूण घालून निजणाऱ्या मुलांस तें वरच्या माणसापेक्षां आधीं गांठतें. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. दिवा विझला नाहीं म्हणजे हवा चांगली, ही समजूतहि पुरी खरी नाहीं. दिवा जळत असतांहि कर्बवायु घातक प्रमाणांत असूं शकतो.

म्हणून निजण्याच्या खोलींत, तळघरांत किंवा खिडकी नसलेल्या कोठडींत सिलिंडर ठेवूं नये. प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावून फेंस येतो कीं काय तें भरणाच्या दिवशीं व नंतर दर महिन्यास पाहावें. रेग्युलेटर बसवितांना मधली वायसर दरवेळीं तपासावी. प्रवासास जातांना सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह हातानें बंद करावा. मोटारींतून आणतांना कांचा उघड्या ठेवाव्या. डोकें दुखूं लागलें, धाप लागली, तर कारण शोधीत न बसतां आधीं मुलांसह बाहेर यावें व दारें उघडावीं.

९. खरेदीचा क्रम

पैसे मोजके असतील तर ते पुढील क्रमानें लावावे : प्रथम रेग्युलेटर व नीडल व्हॉल्व्ह, मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह व घड्याळ, मग ड्रॉप चेकर, मग चाचणीची तारीख असलेला सिलिंडर, मग नळी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह व साधा डिफ्यूझर. शोभेचीं कांचसाधनें सर्वांच्या शेवटीं, किंवा मुळींच नाहीं. दुकानदार बहुधा याच्या उलट क्रमानें माल दाखवितो, कारण जें चकाकतें तें आधीं विकलें जातें. पहिल्या दोन रकमा आज जमत नसतील तर वर्षभर थांबावें, अनुबियास व वॅलिस्नेरिया लावाव्या, आणि पैसे सांठवावे. अर्धवट साधनांवर वायु सुरू करण्यापेक्षां न करणें बरें.

नेदरलँड्समधील शेतकरी आज कांचगृहांतील टोमॅटोस दहा लाखांत आठशें ते हजार भागांपर्यंत कर्बवायु मापून देतात. तेव्हां वायूचें खत ही केवळ हौशी लोकांची चैन नव्हे. ती शेतीचीच एक रीति आहे. जो सभासद आज लहान टाकीवर तें मापून देण्यास शिकेल, त्यास उद्यां मोठें काम अंगावर घेतांना भीति वाटणार नाहीं. माझी टाकी आतां दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरवर चालते. सिलिंडरचें वजन दर रविवारीं वहींत मांडतों, आणि पाव किलो उरला कीं तो भरावयास पाठवितों. तेवढा वायु फुकट जातो, हें मला ठाऊक आहे. ती रक्कम मीं खर्चाच्या बाजूस कायमची मांडून टाकली आहे.